चार प्लेटांचं वजन

१

उलटलेला लोडर बागेतल्या चिखलातून उपसून सरळ केला, तेव्हा जो तो त्याच्या वाकलेल्या पंज्याकडे बघत होता. ताई मात्र मागच्या बाजूला गेली आणि तिथंच थबकली. मागचे चारही आकडे रिकामे होते.

त्या आकड्यांवर लोखंडाच्या चार जाड प्लेटा असायला हव्या होत्या. पुढं पंज्यात ओंडका धरायचा आणि मागं या प्लेटांनी तोल सांभाळायचा, असा तो हिशेब. आदल्या दिवशी हा हिशेब चुकला. ओंडका उचलल्याबरोबर लोडर नाकावर आपटला, पाठीमागच्या पायफळीवर उभं राहून तो चालवणारा ताईचा धाकटा भाऊ उताराच्या अंगाला फेकला गेला, आणि ओंडका गडगडत त्याच्या पायावर आला. पाय राहतो की जातो, ते डॉक्टर अजून सांगत नव्हते.

ताई म्हणजे या झाडतोडीच्या धंद्याची मालकीण. लोकांच्या अंगणातली वाळलेली, घरावर कललेली झाडं उतरवायची, तुकडे करायचे आणि उचलून न्यायचे, हे काम. धंदा वडिलांच्या करवतीवर उभा राहिला, यंत्रं हिनं आणली. अपघात झाला तेव्हा ती जागेवर नव्हती. आता रिकामे आकडे पाहून तिच्या डोक्यात तिडीक गेली आणि ती ट्रकच्या ड्रायव्हरवर उसळली. या ड्रायव्हरला सगळे 'सावकाश' म्हणत, कारण कुणी काहीही सांगितलं की त्याचं उत्तर ठरलेलं: सावकाश.

"प्लेटा गाडीत घालून आणायचं काम तुमचं. कुठं आहेत?"

"वखारीतल्या कोपऱ्यात नव्हत्या, ताई."

"नव्हत्या म्हणजे? पाय फुटले त्यांना? भंगारवाल्याला दिल्यात ना? खरं सांगा."

सगळी माणसं ऐकत होती.  सावकाशनं खिशातून ट्रकची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली आणि फाटकातून चालत निघून गेला. ताईनं त्याला हाक मारली नाही.

आता खरं सांगायचं तर ती एवढी ओरडली ते खाई त्याला खवखवे म्हणून. हा छोटा लोडर तिनं निवडला होता. धाकट्याला मोठा हवा होता. त्यावरून घरात इतकी भांडणं झाली होती की आप्पा, म्हणजे त्यांचे वडील, ताट उचलून दुसऱ्या खोलीत जाऊन बसायचे. "एक दिवस तुझं हे खेळणं पालथं पडेल, मग कळेल," असं धाकटा म्हणाला होता. ते पालथं पडलं होतं आणि खाली धाकटाच सापडला होता. रात्रभर ताईच्या कानात तेच एक वाक्य वाजत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वखारीत विमा कंपनीच्या तपासनीस बाई आल्या. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, गुडघे दुखरे, आणि काखेत घडीचं स्टूल. त्यांनी नमस्कारही बसल्यावर केला. सगळी हकिगत ऐकून घेतली, वखारीतला तो कोपरा नीट पाहिला, आणि म्हणाल्या, "तुमच्या प्लेटा कुणी चोरलेल्या नाहीत. तुम्ही त्या बिचाऱ्या ड्रायव्हरला उगाच घालवलंत."

२

"हे तुम्हाला इथं बसून कळलं?" ताईनं विचारलं. आवाजात जरा कुत्सितपणा आलाच.

"बसूनच कळतं. उभं राहिलं की माझं लक्ष गुडघ्याकडे जातं." बाईंनी कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथं भुशाच्या थरात चार चौकोनी जागा स्वच्छ दिसत होत्या. शेजारी जुन्या लोखंडाचा ढीग होता. "या ढिगात वर काय पडलंय?"

"चिपरची पाती. फांद्यांचा भुगा करणारं मशीन आहे ना, त्याची झिजलेली पाती."

"चांगलं पोलाद. उचलायला हलकं, विकायला सोपं. चोर असता तर त्यानं आधी ती उचलली असती. इथं माणूस पाती बाजूला सारतो आणि खालची सगळ्यात अवजड वस्तू नेतो. तीही हातगाडीवर." जमिनीवर एका चाकाची रेघ उमटली होती. "रेघ रस्त्याच्या फाटकाकडे जात नाही, मागच्या फाटकाकडे जाते. मागं काय आहे?"

"नाला. त्याच्यापलीकडे आमची घरं. ती वाट सगळेच वापरतात."

"ज्यानं नेल्या त्याला लोखंड नको होतं, ताई. त्याला वजन हवं होतं. आणि वजनाचं एक बरं असतं, ते हरवत नाही. कुठंतरी कशावर तरी दाबून बसलेलंच असतं." असं म्हणून त्यांनी विषय सोडून दिला. "बरं, या प्लेटा लोडरला न लावता कोपऱ्यात कशाला ठेवता?"

हा प्रश्न ताईला नको होता. लोडर तिनं जिवापाड मेहनत घेऊन निवडला होता. गिऱ्हाइकांच्या घरांच्या बाजूची फाटकं टेप लावून मापत ती महिनोन्‌महिने फिरली होती. मोठा, मधे वाकणारा लोडर भरपूर उचलेल, पण फाटकाबाहेर उभा राहून काय उचलेल, असं ती धाकट्याला म्हणायची. छोटा मात्र कुठल्याही बोळातून मागच्या अंगणात शिरत होता. पण लोडर मापून घेतला आणि ट्रक नुसत्या डोळ्यांनी घेतला. गल्लीत वळतो, साध्या लायसनवर चालतो, दिसायला बरा, झालं. घरी आणल्यावर कळलं की प्लेटांसकट लोडर चढवला तर त्याच्या ट्रेलरला तो भार झेपत नाही. मग रोजची रीतच पडली. वखारीत प्लेटा काढायच्या, लोडर ट्रेलरवर चढवायचा, प्लेटा ट्रकच्या सीटमागं टाकायच्या, आणि कामावर पोचलं की पुन्हा अडकवायच्या. परतल्यावर त्या कोपऱ्यात, जुन्या लोखंडाला टेकून पडायच्या.

"तरी मोठा ट्रक बघायला गेलेच होते मी," ताई म्हणाली. "अपघाताच्या आदल्याच दिवशी. लांब ट्रेलरवाला. म्हणजे ही काढघाल बंद झाली असती."

बाईंनी मान हलवली आणि उठल्या. तो ओंडका अजून ट्रकमध्ये होता, तो खाली उतरवायला लावला. लोडरच्या पुस्तकात प्लेटांचं वजन होतं, तेवढ्या वजनाच्या वाळूच्या गोण्या भरून चारी आकड्यांवर करकचून बांधल्या. मग बाई स्वतःच पायफळीवर चढल्या. गुडघ्यांची तक्रार त्या तेवढ्यापुरती विसरल्या असाव्यात. वाकलेल्या पंज्यानं ओंडका धरला, वीतभर उचलला. लोडर ढिम्म हलला नाही. मग गोण्या सोडल्या आणि पुन्हा उचलला. या वेळी ओंडका जमिनीवरून सुटायच्या आधीच लोडरची मागची बाजू वर यायला लागली, तसा बाईंनी तो खाली टेकवला.

"लोडर तुम्ही बरोबर निवडलात," त्या उतरत म्हणाल्या.

ताईच्या छातीवरचा दगड उतरला, आणि उतरल्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. भाऊ तिकडे मोडका पाय घेऊन पडलाय आणि इथं आपल्याला हायसं वाटतंय.

"पण आता हे बघा." बाईंनी पहिल्या आकड्याच्या खाचेतून एक सुंभाचा तुकडा ओढून काढला. त्याला गोणपाटाची फाटकी कड चिकटली होती. "हा आपला दोर नव्हे, आपले नायलॉनचे. आपल्या आधीच कुणीतरी इथं गोणी बांधली होती. म्हणजे प्लेटा नाहीत हे तुमच्या भावाला माहीत होतं. माहीत असून तो चढला."

३

दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकट्याची बायको बाकावर बसली होती. ताईला पाहून ती उठली नाही.

"या, वन्सं. सवड झाली? की आणखी एखादी गाडी बघायला जायचंय?"

  बाईंनी स्टूल उघडलं आणि दोघींच्या मधोमध मांडलं.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आम्ही दोघं आणि आप्पा. आप्पांची कंबर धरलीय नेमकी. पट्टा बांधून बसलेत. पोराला बघायला यायची सुद्धा सोय नाही. तरी शेडमध्ये जायचं काही सोडत नाहीत, फळ्यांपाशी बसून राहतात दिवसभर." तिचा आवाज जरा खाली आला. "अन्न गोड लागत नाही त्यांना. मला म्हणतात, माझ्या हातानं करवत दिली त्याला, मीच या धंद्यात घातलं."

"आणि तुमच्या यजमानांचं आणि ताईंचं भांडण होतं म्हणे?"

"होतं ना. बोलायला एकदम तिखट आहेत ते. पण वन्संबद्दल दुसऱ्या कुणी ब्र काढलेला खपत नाही त्यांना. मी काही बोलले तर दोन दिवस अबोला धरतात." हे सांगताना ती ताईकडे बघत नव्हती.

बाईंनी चष्मा पुसला. "तुम्ही ताई, आदल्या दिवशी दिवसभर शोरूममध्ये?"

"दुपारभर. ट्रक बघत होते आणि फोन सारखा वाजत होता. कुणाला हो म्हण, कुणाला बघते म्हण, कुणाला घ्या म्हण, असं करून एकेकाला वाटेला लावत होते."

आत धाकटा उताणा पडला होता. पाय लोखंडी पिंजऱ्यासारख्या चौकटीत बांधलेला. ताईला पाहून हसला. तो हसला नसता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"प्लेटा लावायला मीच विसरलो," बाईंनी विचारायच्या आधीच त्यानं सांगून टाकलं. "लिहून घ्या."

"विसरलेला माणूस त्यांच्या जागी गोण्या बांधत नाही."

 तो म्हणाला, "बाई, माझा पाय, माझी चूक. तुमचं काय अडतंय त्यात? सावकाशनं काही केलेलं नाही, तेवढं मात्र लिहा." मग मान वळवून म्हणाला, "ताई, तू घरी जा. तोंड बघ कसं झालंय तुझं. जेवलीस का?"

त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तरी ताईनं त्या झेलल्या असत्या. जेवलीस का, हे तिला सोसवलं नाही. ती बाहेर येऊन भिंतीला टेकली.

बाई मागोमाग आल्या. "हा स्वतःला वाचवत नाहीये. दुसऱ्या कुणाला तरी झाकतोय. माणूस तुटलेल्या पायानिशी पडलेला असताना खोटं बोलतो, ते कुणासाठी बोलत असेल?" उत्तराची वाट न बघता त्या म्हणाल्या, "चला. सावकाशच्या घरी."

"मी? मी कशाला?"

"घालवलं तुम्ही. मग यायला नको?"

४

सावकाशचं घर एका खोलीचं. तो उंबऱ्यात बसून मोडक्या खुर्चीला पाय जोडत होता. ताईला पाहून त्यानं हातोडी खाली ठेवली आणि तीच खुर्ची पुढं केली, मग पाय पक्का नाही हे आठवून मागं घेतली. बाईंनी आपलं स्टूल उघडलं. ताई उभीच राहिली.

"त्या सकाळचं सांगा," बाई म्हणाल्या.

"प्लेटा घ्यायला कोपऱ्यात गेलो. नव्हत्या. धाकट्याला सांगितलं. त्यानंही शोधलं. मग ट्रकच्या मागं जाऊन कुणाला तरी फोन लावला. परत आला तो म्हणाला, राहू दे, वाळूच्या गोण्या टाका गाडीत, त्या बांधू. मी म्हटलं, सावकाश, आज काम नको करू या. तेवढ्यात ताईंचा फोन आला, निघालात का म्हणून. मग पुन्हा आला. मग पुन्हा."

ताईनं नजर खाली घातली. ते फोन तिला आठवत होते. दुपारच्या आत झाड रिकामं करा, दुसरीकडे जायचंय, असं ती सांगत होती.

"गोण्या बांधल्या. पहिले ओंडके नीट गेले. मग एक गोणी फाटलेली निघाली, वाळू गळून गेली उतारावर. ते दिसलं तेव्हा उशीर झाला होता. लोडर आपटला तशा बाकीच्या गोण्याही सुटून उताराला गडगडत गेल्या."

"हे तुम्ही मला का नाही सांगितलं?" ताईनं विचारलं.

"तुम्ही विचारलं कुठं, ताई. तुम्ही सांगितलंत." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "शिवाय गाडीत घालून दवाखान्यात नेताना धाकट्यानं माझा हात धरून ठेवला होता. म्हणाला, प्लेटांचं ताईच्या कानावर जाऊ देऊ नका. शब्द दिला होता. आता या बाईच म्हणतात सांगा, म्हणून सांगतोय."

"फोनवर काय बोलला तो?" बाईंनी विचारलं.

"मी काही कान देऊन ऐकत नव्हतो. शेवटचं तेवढं ऐकू आलं. 'तुम्ही उचलायला जाऊ नका, आधीच कंबर गेलीय.'"

बाई हळूच उठल्या आणि स्टूल मिटलं.  कंबर धरलेला माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

५

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," नाल्यावरून जाताना बाई म्हणाल्या. "हातगाडी मागच्या फाटकानं गेली. प्लेटा गेल्या त्याच सुमारास घरातल्या एका माणसाची कंबर धरली. आणि तो माणूस जन्मभर लाकूड कापत आलाय. आता सांगा, ओल्या लाकडाला वजन कशाला लागतं?"

ताईला ते लहानपणापासून माहीत होतं. ती फक्त म्हणाली, "पण आप्पा असं विचारल्याशिवाय काही नेणार नाहीत."

"मलाही तेच वाटतं," बाई म्हणाल्या.

आप्पा शेडमध्ये खाटेवर बसले होते, कंबरेला पट्टा. समोर ताडपत्रीखाली फळ्यांची चळत होती. शेडभर ताज्या लाकडाचा वास होता.

"आप्पा, फळ्या वाळताना दाबायला काय ठेवता?" बाईंनी स्टुलावर बसत विचारलं. एखाद्या शेजारणीसारखं विचारलं.

लाकडाचं कुणी विचारलं की आप्पांचा चेहरा उजळायचा. इतक्या काळजीतही जरा उजळला. "पूर्वी दगड ठेवायचो. दगड सगळीकडून सारखा टेकत नाही हो. एका बाजूनं फळी उचलते, आणि एकदा वाकली की ती जन्माची वाकली. या वेळी लोखंड मिळालं, सपाट. बघा की."

बाईंनी ताडपत्रीचं टोक उचललं. चळतीवर चार जाड प्लेटा एका ओळीत बसल्या होत्या. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिची नजर तिथून निघेना.

"एवढ्या फळ्या कशासाठी?"

"सांगणार नव्हतो एवढ्यात." आप्पा ओशाळून हसले. "हिच्या नव्या ट्रकसाठी. बाजूला उंच फळ्या लावल्या की भुगा जास्त मावतो. यंत्रातलं मला काही कळत नाही, त्या लोडरकडे तर मी रागानं कधी बघितलंही नाही. म्हटलं, निदान फळ्या तरी माझ्या असू देत."

"आणि हे लोखंड?"

"वखारीतलं. हिलाच विचारून आणलं. दुपारी फोन केला, म्हटलं, कोपऱ्यातलं जुनं लोखंड पडलंय त्यातलं थोडं नेऊ का? तर म्हणाली, न्या आप्पा, सगळं भंगारच आहे ते." त्यांनी ताईकडे पाहिलं. "हो ना गं?"

ताईला सगळं आठवलं. शोरूममधल्या नव्या ट्रकच्या सीटवर ती बसली होती. समोरचा माणूस ट्रेलरला किती भार झेपतो ते सांगत होता आणि ती विचारत होती, प्लेटा न काढता लोडर चढेल ना, नक्की? फोन खांद्यात धरलेला होता. त्यात कुणाचा तरी आवाज होता, आणि त्या आवाजाला तिनं न्या म्हटलं होतं. कुणाचा, कशासाठी, एवढंही तिनं मनाशी धरलं नव्हतं. ज्या प्लेटांसाठी ती ट्रक शोधत होती, त्याच तिनं त्याच बैठकीत देऊन टाकल्या होत्या. लोडर निवडल्याचा गुन्हा तिचा नव्हता. हा होता.

"का गं? धाकटाही फोनवर विचारत होता, मग राहू दे म्हणाला. त्या लागत होत्या का कशाला?"

"नाही, आप्पा," ताई म्हणाली. "असू देत. फळ्या वाळू देत."

बाहेर आल्यावर बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या. "माझ्या कागदावर एवढंच येईल की वजनं लावलेली नव्हती. कुणी हलवली हे कंपनी विचारत नाही."

"मग मिटलं म्हणायचं."

"कंपनीचं मिटलं. सावकाशचं काय? चोर सोडून संन्याशाला फाशी झालीय इथं, तीही चारचौघांत. त्याला सोडवायचं तर प्लेटा कुठं आहेत ते सांगावं लागेल. आणि ते सांगितलं तर आत बसलेल्या त्या म्हाताऱ्याला कळेल की पोराच्या पायाखालचं वजन त्यानं काढून नेलं." त्यांनी स्टूल काखेत घेतलं. "याचा निकाल माझ्याकडे नाही, ताई."

६

ताई तशीच दवाखान्यात गेली. भावजय चहा आणायला गेली होती. ताईनं खुर्ची खाटेला लावली आणि म्हणाली, "मी शेडमध्ये जाऊन आले."

धाकट्यानं डोळे मिटून घेतले. "आप्पांना सांगितलंस?"

"नाही."

"सांगू नकोस."

"त्यांना नको, ठीक. पण मला का नाही सांगितलंस?"

"तुला तर मुळीच सांगणार नव्हतो. तू रडली असतीस, भांडली असतीस तर सांगितलं असतं. तू तसं करत नाहीस. तू गप्प राहून दुप्पट राबत बसतेस. ते जन्मभर बघायचं मला?" त्यानं डोळे उघडले. "आणि मी काही धुतल्या तांदळासारखा नाही. आप्पा फोनवर म्हणाले, आणून देतो. मी नको म्हटलं, कशाला हव्यात तेही सांगितलं नाही. मलाच जाऊन आणता आल्या असत्या. पण मनात आलं, बघू तर हिचं खेळणं गोण्यांवर किती तग धरतं. तुझे फोन येत होते, डोकं तापलं होतं. चढलो."

ताईनं त्याचा हात धरला. लहानपणी रस्ता ओलांडताना धरायची तसा, मनगटापाशी. तिला रडायला आलं आणि ती रडली. भावजय चहा घेऊन आली, दोघांना बघून दारातच उभी राहिली, आणि मग तिनं आपला कप ताईला दिला.

डॉक्टरांनी सांगितलं, पाय राहील, पण लोडरच्या पायफळीवर उभं राहण्यासारखा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं सावकाशला बोलावून घेतलं. ज्या माणसांसमोर त्याला चोर म्हटलं होतं, ती सगळी वखारीत उभी केली.

"प्लेटा कुणी चोरल्या नाहीत," ती म्हणाली.  "मी देऊन टाकल्या. फोनवर, काय देतेय ते न बघता. कुणाला ते विचारू नका, त्या माणसाचा काही दोष नाही. वर मी यांच्यावर आळ घेतला. माझ्या भावाचा पाय माझ्यामुळं अधू झाला, यांच्यामुळं नाही."

 तिनं ट्रकची किल्ली दोन्ही हातांनी पुढं धरली.  सावकाशनं ती घेतली.

"सावकाश, ताई," तो म्हणाला.

तेवढ्यात मागच्या फाटकाकडून चाकाची कुरकुर ऐकू आली. आप्पा हातगाडी ढकलत येत होते. पट्टा बांधलेला, दर दोन पावलांवर थांबणं, पुन्हा ढकलणं. गाडीत चारही प्लेटा होत्या. माणसं धावली, तसं त्यांनी हातानंच सगळ्यांना दूर केलं आणि गाडी थेट लोडरपाशी आणली. त्याच्याकडे कधी न बघणारे आप्पा त्याच्या मागच्या रिकाम्या आकड्यांकडे बघत राहिले.

"आप्पा, कुणी सांगितलं तुम्हाला?" ताईनं विचारलं.

"बाईंनी ताडपत्री उचलली तेव्हा तुझं तोंड बघितलं मी. रात्रभर विचार केला. मग उजाडल्यावर सुनेला विचारलं, लोडरला मागं काय लावतात." त्यांना दम लागला होता. "आता तू बोललीस तेही ऐकलं. फाटकापाशी उभा होतो."

"मी न्या म्हटलं होतं, आप्पा. तुम्ही विचारलं होतंत."

"मी विचारलं होतं. पण ते काय आहे ते मी तरी कुठं बघितलं?"

"फळ्या?"

"वाकतील. वाकू देत."

ते पहिल्या प्लेटेला हात घालायला वाकले आणि तिथंच अडकले, अर्धे वाकलेले. ताईनं पुढं होऊन प्लेट दुसऱ्या बाजूनं धरली. लोखंड सकाळच्या गारव्यानं थंडगार पडलं होतं आणि तिला वाटलं होतं त्याहून फार जड होतं.

"कुठं अडकवायची ही?" आप्पांनी विचारलं. "दाखव मला."

तिनं दाखवलं. दोघांनी मिळून प्लेट उचलली आणि आकड्यावर बसवली. अजून तीन राहिल्या होत्या.